आधीच काढून ठेवायचं, की विचारल्यावर शोधायचं?

सायक (Cyc) या संगणकातल्या व्यवहारज्ञानाच्या साठ्यात 'मनी मांजर आहे' एवढं टाकलं, की मनी सस्तन आहे, तिला हृदय आहे, ती कधीतरी मरणार, हे निष्कर्ष लगेच काढून ठेवायचे का? फॉरवर्ड चेनिंग, म्हणजे माहिती आली की नियम लावून पुढे निष्कर्ष काढत जाणं, म्हणतं, हो. मग उत्तर तयारच असतं, नुसतं उचलायचं. पण मनीला मूत्रपिंडं आहेत का, हे विचारणार कोण? अशी न विचारलेली उत्तरं साठून जागा खातात. वर, मनी मांजर नसून खेळणं आहे असं कळलं, तर त्यावर उभं राहिलेलं सगळं शोधून पुसावं लागतं.

बॅकवर्ड चेनिंग आळशी. प्रश्न आला की त्याच्याकडून मागे नियम शोधत जातं. साठा आटोपशीर राहतो, पण दर पायरीला फाटे फुटतात. 'भागाचा भाग तोही भाग' हा नियम तर स्वतःलाच बोलावत राहतो. आवर घातला नाही तर शोध गोल गोल फिरतो.

१९८४ साली डग्लस लेनाट यांनी सुरू केलेल्या सायकमध्ये दोन्ही आहेत. नियम मात्र सहसा बॅकवर्डच ठेवतात. शिवाय 'मांजर, सस्तन, प्राणी' अशा साखळ्यांसाठी वेगळी मॉड्यूल्स आहेत, ती सर्वसाधारण सिद्धता टाळून थेट या दुव्यांच्या जाळ्यावरून चालतात. आणि मायक्रोथिअरीमुळे, म्हणजे संदर्भानुसार पाडलेल्या ज्ञानाच्या कप्प्यांमुळे, प्रश्नाच्या संदर्भाबाहेरचं ज्ञान बघावंच लागत नाही. माझ्या मते खरा वेग इथेच मिळतो, दिशा निवडण्यात तेवढा नाही.

मी स्वतः बॅकवर्डपासून सुरुवात करीन, आणि सारखे विचारले जाणारे मोजकेच नियम फॉरवर्ड करीन.