सी ड्राइव्ह लाल झाल्यावर: क्लोनझिला आणि जीपार्टेड, काही महिन्यांच्या वापरानंतर

असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमध्ये सी ड्राइव्ह 100 जीबीचा आणि बाकी सगळं डी-ई मध्ये, ही आपल्याकडच्या दुकानदारांची जुनी सवय. विंडोज बिघडलं तर फक्त सी फॉरमॅट मारायचा, डेटा शाबूत, असा हिशोब. पण विंडोज 11 आणि डीटीपीची मोठी सॉफ्टवेअर त्या 100 जीबीत कोंबली की सी भरून लाल दिसतो आणि शेजारी डी अर्धा रिकामा पडलेला असतो. "फॉरमॅट मारून घे" हे सगळेच सांगतात. जुन्या लायसनची सॉफ्टवेअर आणि वर्षानुवर्षं जमवलेले मराठी फॉन्ट असले की ते जमत नाही. मला ते नकोच होतं.

डिस्कचे भाग (पार्टिशन) लहान-मोठे करणारं विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट इथे हात टेकतं. सी वाढवायचा तर मोकळी जागा त्याला उजवीकडून चिकटून हवी. डी लहान केला की जागा निघते डीच्या शेपटाला, आणि मधे कधी कधी विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेलं रिकव्हरी पार्टिशनही ठाण मांडून असतं. म्हणून पार्टिशन सरकवायला जीपार्टेड, आणि त्याला हात लावण्याआधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घ्यायला क्लोनझिला. दोन्ही फुकट, दोन्ही पेनड्राइव्हवरून बूट होतात. व्हेंटॉय (अनेक बूट डिस्कच्या आयएसओ फायली थेट चालवू देणारं साधन) टाकलेल्या एकाच पेनड्राइव्हवर दोघांच्या आयएसओ फायली ठेवल्यात.

क्लोनझिला तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रातून आलेलं. दिसायला अगदीच ओबडधोबड: माउस नाही, बाणाची बटणं, स्पेसबार आणि एंटर. चूक झाली तर मागे फिरण्यापेक्षा पुन्हा सुरू करणं सोपं पडतं. पण काम चोख. डिस्कवर भरलेले ब्लॉकच ते उचलतं, रिकामी जागा सोडून देतं, वर कॉम्प्रेस करतं. त्यामुळे 500 जीबीच्या डिस्कची इमेज 500 जीबीची होत नाही. इमेज घेतल्यावर ती तपासायची का, असं विचारतं. कंटाळा न करता हो म्हणावं. रिस्टोअर करताना, म्हणजे इमेज डिस्कवर परत उतरवताना, लक्ष्य डिस्कवरचं सगळं पुसलं जाणार, हे दोनदा विचारून घेतं. तिथे डिस्कची नावं लिनक्सच्या पद्धतीची येतात, सी-डी अशी नाहीत. मी दर वेळी डिस्कचं मॉडेल आणि आकार वाचूनच पुढे जातो.

सुरू करण्याआधी विंडोजमध्ये दोन गोष्टी बघाच. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही. जीपार्टेड अशा पार्टिशनपुढे इशाऱ्याचं चिन्ह दाखवतं आणि आकार बदलू देत नाही. दुसरं बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. विंडोज 11 च्या बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन न सांगताच चालू असतं. मग क्लोनझिलाला भरलेलं काय, रिकामं काय कळत नाही आणि ते पार्टिशन सरसकट कॉपी होतं. मी आधी डिक्रिप्ट करतो. शिवाय ते कुलूप उघडणारी 48 आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवलीय.

जीपार्टेड दिसायला गोजिरवाणं आहे, पण जपून. हिरवी खूण दाबेपर्यंत काहीच घडत नाही, सगळी कामं रांगेत थांबतात, रद्द करता येतात. खूण दाबली की मात्र मधे थांबवणं धोक्याचं. डीची सुरुवात उजवीकडे सरकवायची म्हणजे त्यातला सगळा डेटा उचलून दुसरीकडे मांडायचा. फिरत्या हार्ड डिस्कवर याला तासन् तास लागतात. मधेच लाइट गेली तर ते पार्टिशन गेलंच समजा. घरगुती यूपीएस थोडी मिनिटंच टिकतो. आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद असते, तो वार टाळला आणि कॉम्प्युटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. डी मध्ये नुसत्या फायली असतील तर माझ्या मते सरकवत बसूच नये: फायली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, उघडून बघा, डी उडवा, सी वाढवा, उरलेल्यात नवा डी करा. वेळ वाचतो, धाकधूकही कमी. नंतरच्या पहिल्या बूटला विंडोज डिस्क तपासायला बसतं, बसू द्यावं.

इमेजची खरी परीक्षा नंतर, नव्या 1 टीबी एसएसडीवर रिस्टोअर करताना झाली. सगळं जसंच्या तसं उठलं, एकही फॉन्ट पुन्हा टाकावा लागला नाही. क्लोनझिलात पार्टिशन प्रमाणात वाढवायचा पर्याय आहे, तो मी घेत नाही. मूळ मापाने रिस्टोअर करून नंतर जीपार्टेडमध्ये हवं तसं वाढवतो. उलटी वाट बंद आहे: लक्ष्य डिस्क मूळ डिस्कहून लहान असेल तर क्लोनझिला साधारणपणे नकार देतं, आधी पार्टिशन आवळून घ्यावी लागतात.

तक्रारी दोन. दर वेळी पूर्ण इमेजच घ्यावी लागते, "मागच्या वेळेनंतर बदललेलं तेवढंच" अशी सोय नाही. आणि इमेजमधून एखादी फाईल काढणं जिकिरीचं आहे. त्यासाठी रेस्क्यूझिला ठेवलंय. तेही फुकट, माउसवर चालतं, क्लोनझिलाच्या इमेज वाचतं, आणि त्यातच जीपार्टेडही मिळतं. घरातल्या इतरांना मी आता तेच देतो. रोजच्या कामाच्या फायलींची कॉपी मात्र वेगळीच घेतो. इमेज दोन-तीन महिन्यांतून एकदा, किंवा विंडोजचं मोठं अपडेट येण्याआधी.