उंदरासाठी उत्तम, पण लेबलवरचं ‘रॅट’ खोडा

पाचपैकी तीन तारे. ओव्हीजीपी१ या अंडवाहिनीतल्या प्रथिनाला चिकटून ते दाखवून देणारी, सशात बनवलेली ही पॉलिक्लोनल (प्रथिनाच्या वेगवेगळ्या भागांना चिकटणारी मिश्र) अँटिबॉडी मी आठ महिने वापरतेय. उंदराच्या (म्हणजे छोट्या माऊसच्या; रॅट ही वेगळी, मोठी जात) अंडवाहिनीवर काम असेल तर खुशाल घ्या.

हे प्रथिन अस्तरातल्या स्रावक पेशी बनवतात, शेजारच्या रोमक पेशी नाही, आणि उंदरात ते इस्ट्रोजेन या हार्मोनच्या तालावर कमीजास्त होतं. म्हणून अँटिबॉडी खरी की खोटी हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते: ब्लॉटवर (प्रथिनं जेलमधून आकाराप्रमाणे वेगळी करून पटलावर उतरवतात, त्या चाचणीत) उमटणारा त्या प्रथिनाचा पट्टा, म्हणजे बँड, हार्मोनचं ऐकतो का? मादीचं चार-पाच दिवसांचं प्रजननचक्र, रोज सकाळी ठरल्या वेळी स्मिअर (योनीतल्या पेशींचा काचेवरचा नमुना). केंद्रकवाल्या पेशी दिसल्या की प्रोइस्ट्रस (माजाआधीची अवस्था), केंद्रक गेलेल्या चपट्या पेशींचा सडा म्हणजे इस्ट्रस (माज), पांढऱ्या पेशींची गर्दी म्हणजे डायइस्ट्रस (दोन माजांमधली शांत अवस्था). (मेटइस्ट्रस, म्हणजे माज ओसरतानाची चौथी अवस्था, ओळखताना मी अजूनही चुकते, तो दोष अँटिबॉडीचा नाही.) इस्ट्रसच्या लेनमध्ये (ब्लॉटवरच्या त्या नमुन्याच्या रांगेत) बँड ठसठशीत, डायइस्ट्रसमध्ये फिकट. अंडाशय काढलेल्या माद्यांमध्ये जवळजवळ काहीच नाही, त्यांनाच इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचंच एक रूप) दिल्यावर परत हजर. इथवर पैकीच्या पैकी.

बँड रेखीव येत नाही, पसरट येतो. जेल बिघडलं असं समजून मी पहिले दोन ब्लॉट फेकून दिले होते. प्रथिनावर साखरेच्या साखळ्या भरपूर आहेत, त्यामुळे ते असंच धावतं. पीएनजीएज एफ (अशा साखळ्या कापणारं एन्झाइम) लावल्यावर बँड खाली सरकला. सूचनापत्रकात याबद्दल एक ओळ असती तर माझा आठवडा वाचला असता. अँटिबॉडी पातळ करण्याचं प्रमाण 1:1000 दिलंय, मला 1:2000 पुरलं.

आता रॅट. लेबलवर ‘उंदीर, रॅट’ असं छापलंय आणि रॅटच्या लेनमध्ये बँड येतोही, अगदी सुबक. पण चारही अवस्थांत तेवढाच जाड! अंडाशय काढलं तरी हलत नाही, इस्ट्राडायोल दिलं तरी ढिम्म. तेव्हा वाचायला बसले, तर रॅटमध्ये हे जनुकच मोडीत निघालंय, त्यातून चालतं प्रथिन बनतच नाही. मग मी तीन आठवडे मोजत होते ते काय? ओव्हीजीपी१ काइटिनेज (काइटिन तोडणाऱ्या एन्झाइमांच्या) कुळातलं आहे, तेव्हा अँटिबॉडी एखाद्या चुलत प्रथिनाला चिकटत असावी, असा माझा अंदाज.

कंपनीला सगळे ब्लॉट पाठवले. उत्तर आलं: ब्लॉकिंगचा (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून पटल आधी झाकण्याचा) वेळ वाढवून पाहा. वाढवला, बँड तसाच. गेल्या महिन्यात नव्या लॉटची ट्यूब आली. उंदरावर पहिल्यासारखीच चोख चालते, आणि लेबलवर अजूनही ‘रॅट’ आहे.