हॉस्पिटल चकाचक, पण स्टाफ डॉक्टरांना फोन करायला घाबरतो (२/५)

बाबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन सेंट्रल लाइनवरच्या एका मोठ्या प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये झालं. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, लिहिलं तर पहिलं खापर रात्रपाळीच्या सिस्टरवर फुटेल आणि तिच्यामुळेच तर बाबा वाचले.

चांगलं आधी सांगते. रूम स्वच्छ, मावशी वेळेवर, डायबेटिसवाल्यांचं जेवण वेगळं आणि बऱ्यापैकी चवीचं, स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळते. टीपीएच्या (इन्शुरन्सचे क्लेम बघणाऱ्या कंपनीच्या) अप्रूव्हलला संध्याकाळ झाली पण ते सगळीकडेच होतं. सर्जनचा हात खरंच चांगला.

पण हे सर राऊंडला आले की अख्खा वॉर्ड चिडीचूप. लॅबमधून एक रिपोर्ट आला नव्हता म्हणून आरएमओला, म्हणजे वॉर्डातल्या ड्युटी डॉक्टरला, आमच्यासमोर 'डिग्री कुठून आणलीस' म्हणाले, फाइल कॉटवर आपटली, त्या पोराचा रिपोर्टशी काही संबंध पण नव्हता. आपल्याकडे लोक म्हणतात मोठे डॉक्टर तापटच असतात, हात चांगला ना मग सोडा. मला हे अजिबात पटत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे काय झालं ऐका. बाबा मध्यरात्रीपासून एनबीएम, म्हणजे तोंडाने काहीच द्यायचं नाही, आणि फाइलमध्ये नाश्त्याआधीचं इन्सुलिन रोजच्यासारखंच लिहिलेलं राहिलं होतं. उपाशीपोटी ते दिलं तर शुगर झपाट्याने खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो, जीवावर बेतू शकतं. सिस्टरच्या ते लक्षात आलं, तिने इनचार्जला विचारलं तर ती म्हणे लिहिलंय ना मग दे, आत्ता सरांना उठवलंस तर राऊंडला सगळ्यांसमोर काढतील. आरएमओचंही तेच, बघू सर आल्यावर. शेवटी ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, 'ताई तुम्ही विचाराल का, नातेवाइकांनी विचारलं तर ते ओरडत नाहीत.' मी भुलीच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला, त्यांनी लगेच डोस थांबवला, शुगर परत चेक करायला सांगितली आणि बरं झालं विचारलंत म्हणाले. एवढ्याशा फोनसाठी तीन शिकलेली माणसं अडून बसली होती, फक्त ओरडा बसेल या भीतीने!

घरी आल्यावर याबद्दल बरंच वाचलं. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने जुलै २००८ मध्येच इशारा काढला होता की स्टाफवर ओरडणं, फोनला उत्तर न देणं, प्रश्न विचारला की उडवून लावणं यातून औषधांच्या चुका होतात आणि पेशंटला इजा होते. नुसता इशारा नाही, २००९ पासून अशा वागण्याबद्दल आचारसंहिता आणि ते हाताळायची पद्धत ठेवणं तिथल्या हॉस्पिटलांना बंधनकारक केलं. आणि जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची ऑपरेशनची चेकलिस्ट आहे ना, त्यात चीर देण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं, कारण एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे काही चुकतंय दिसलं तर बोलायची शक्यता जास्त.

डिस्चार्जच्या वेळी पेशंट रिलेशनच्या मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या सर सीनियर आहेत, त्यांच्या नावावर पेशंट येतात. मॅडम, म्हणूनच तर मॅनेजमेंटने त्यांच्याशी बोलायला हवं! औषधाबद्दल शंका आली तर रात्री कितीही वाजता फोन करायचा असा लेखी नियम करा, डॉक्टर ओरडले तर मेडिकल डायरेक्टरकडे तक्रार जाऊ दे आणि तक्रार करणाऱ्या सिस्टरचं नाव बाहेर येऊ देऊ नका, दुसऱ्या महिन्यात तिची ड्युटी बदलून तिला शिक्षा होत नाही ना तेही बघा.

तिथे कोणाचा पेशंट ॲडमिट असेल तर प्रत्येक इंजेक्शनच्या आधी कशाचं आहे, आत्ता का, हे विचारा. सिस्टर घुटमळताना दिसली तर तिला स्पष्ट सांगा, फोन लावा, नातेवाईक ऐकत नाहीयेत म्हणून माझं नाव सांगा.