भरपाईच्या नोंदवहीतून गिरण्या-रेल्वेपर्यंत : ‘लिगसीज ऑफ ब्रिटिश स्लेव्हरी’ हा डेटाबेस

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने २०१३ पासून सर्वांना मोफत खुला केलेला ‘लिगसीज ऑफ ब्रिटिश स्लेव्हरी’ हा ऑनलाइन डेटाबेस मी गेले काही महिने नियमित वापरतो आहे. ब्रिटनच्या औद्योगिकीकरणात गुलामगिरीचा पैसा कसा शिरला, हे ज्याला मोघम विधानांवर न सोडता नावानिशी आणि रकमेनिशी पाहायचे आहे, त्याने इथूनच सुरुवात करावी.

१८३३ च्या कायद्याने वसाहतींतली गुलामगिरी संपवताना ब्रिटिश संसदेने २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. ही रक्कम सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के होती आणि ती गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना मिळाली. त्यासाठी मालकांना दावे दाखल करावे लागले, आणि त्या दाव्यांची कागदपत्रे हाच या डेटाबेसचा पाया आहे.

लिव्हरपूलचा व्यापारी जॉन ग्लॅडस्टन याचे नाव शोधून पाहावे. ब्रिटिश गयाना आणि जमैकातल्या मळ्यांवरच्या २,५०८ माणसांपोटी त्याला १,०६,७६९ पौंड मिळाले, म्हणजे माणशी साधारण साडेबेचाळीस पौंड. हा भागाकार मी कागदावर मांडला आणि त्यानंतर बराच वेळ पुढची नोंद उघडवली नाही. याच ग्लॅडस्टनने रेल्वेत मोठी गुंतवणूक केली होती.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. भरपाईचा पैसा १८३० च्या दशकातला आहे, त्यामुळे पहिल्या सूतगिरण्यांचे भांडवल त्यातून आले असे म्हणता येत नाही. त्या काळासाठी मळ्यांच्या जुन्या मालकीच्या नोंदी पाहाव्यात. सॅम्युअल ग्रेगने १७८४ मध्ये चेशरमध्ये क्वारी बँक ही सूतगिरणी उभारली, आणि त्याच्या घराण्याचा कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर मळा होता, हे लक्षात ठेवून त्या नोंदी वाचल्या की गिरणी आणि मळा यांना वेगळ्या प्रकरणांत टाकणारा इतिहास अपुरा वाटू लागतो. मात्र कापसाची मुख्य कहाणी इथे मिळणार नाही. १८६० च्या सुमारास ब्रिटिश गिरण्यांचा तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, तिथल्या गुलामांच्या श्रमातून येत होता, आणि तो प्रदेश या भरपाईच्या कक्षेबाहेरचा आहे.

शोधाची सोय साधी आहे. नाव, मळा किंवा वसाहत यांपैकी काहीही पुरते. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट मूळ कागदपत्रांतच आहे : मालकाच्या नावाखाली त्याचे चरित्र, नातेवाईक, पत्ते, मृत्युपत्र असे सगळे उलगडत जाते, आणि दाव्याच्या नोंदीत गुलाम माणसांचा फक्त आकडा असतो. म्हणून मळ्याचे नाव टिपून ठेवावे आणि १८१७ नंतरच्या गुलाम-नोंदणीच्या वह्यांत ते शोधावे. त्या वह्यांत माणसांची नावे आणि वये लिहिलेली आहेत.