हॅम्बुर्गचा ऑर्गन आधी ऐकावा की पॅरिसचा?

चर्चमधल्या जुन्या पाइप ऑर्गनचं एकच ध्वनिमुद्रण सध्या घ्यायचं असेल, तर माझ्या मते खरी निवड दोघांत आहे. एक हॅम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चमधला, आर्प श्निट्गरने १६९३ मध्ये पूर्ण केलेला, चार कीबोर्ड आणि साठ स्टॉपचा (स्टॉप म्हणजे एका जातीच्या आवाजाच्या पाइपांची रांग). दुसरा पॅरिसच्या सँ-सुल्पीसमधला, काव्हाये-कोलने बांधलेला, १८६२ चा, पाच कीबोर्ड आणि शंभर स्टॉपचा.

ऑर्गनची पट्टी हलकेच दाबा नाहीतर दणकून, सूर तेवढाच मोठा वाजतो. मग भाव आणायचा कुठून?

हॅम्बुर्गमध्ये तो बोटांतून येतो. पट्टी लाकडी काड्यांनी थेट पाइपच्या झडपेला जोडलेली. त्यामुळे सूर कसा उचलला, कधी सोडला, दोन सुरांत किती फट ठेवली, सगळं कानावर येतं. सूर लागण्याआधीचा तो बारीकसा 'छक्'सुद्धा. शिवाय हा ऑर्गन समान अंतरांच्या सप्तकात लावलेला नाही. साध्या स्वरसंगतींतला गांधार आपल्या पेटीपेक्षा तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधाराच्या जवळचा लागतो. उलट दूरच्या स्वरसंगतीत गेलं की टोचतं, आणि जुने रचनाकार ते टोचणं मुद्दाम वापरत. गाणं ऐकणाऱ्या मराठी कानाला ही गोडी लवकर लागेल. (१७२० मध्ये संगीतकार बाख इथल्या ऑर्गनवादकाच्या नोकरीसाठी आला होता. जागा मिळाली ती हाइटमान नावाच्या माणसाला, आणि त्याने चर्चला ४,००० मार्क दिले!)

पॅरिसमध्ये पाइपांचा एक विभाग पेटाऱ्यात बंद असतो. पायाने पेटाऱ्याच्या झडपा उघडत गेलं की आवाज फुलत जातो. व्हिदोरने इथे १८७० ते १९३३ अशी वाजवणी केली, त्याच्यानंतर द्युप्रेने १९७१ पर्यंत. दोघांनीही वाद्यात फारसे फेरफार होऊ दिले नाहीत. मात्र चर्चमधली आस, म्हणजे सूर थांबल्यावरही घुमत राहणारा आवाज, लांब, माइक दूर असेल तर जलद जागा एकमेकींत मिसळतात. मोबाइलच्या स्पीकरवर तर हा ऑर्गन ऐकूच नका. ३२ फुटी पाइपचा खर्ज १६ हर्ट्झच्या आसपास उतरतो.

म्हणून आधी हॅम्बुर्ग. पण मुद्रणाचं वर्ष बघून घ्या. दुसऱ्या महायुद्धात पाइप काढून ठेवल्याने वाचले, तरी दर्शनी पाइप १९१७ मध्येच वितळवले गेले होते. युर्गेन आरेंडने केलेला जीर्णोद्धार पुरा झाला १९९३ मध्ये. मी वर सांगितलेला गांधार त्यानंतरच्या मुद्रणांतच सापडेल.