मुंबई वातावरण कृती आराखडा: एका सोसायटीच्या चिटणीसाचे परीक्षण

हवामान बदलाला तोंड देण्यासाठीचा मुंबई महानगरपालिकेचा वातावरण कृती आराखडा १३ मार्च २०२२ रोजी जाहीर झाला; मी तो नीट वाचला तो मात्र आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेची तयारी करताना. गच्चीवर सौर पॅनेल बसवणे, पावसाचे पाणी साठवणे आणि ओल्या कचऱ्याचे खत करणे, असे तीन विषय एकाच सभेपुढे आले होते. हा आराखडा म्हणजे करदात्याच्या पैशातून त्याच्याच नावाने केलेली एक सेवा असल्यामुळे, ती सामान्य वापरणाऱ्याच्या किती कामाची आहे, एवढ्याच दृष्टीने हे परीक्षण लिहीत आहे.

सर्वांत आधी हिशेबाला गुण द्यावे लागतील. मुंबई डिसेंबर २०२० मध्ये सी-४० या जागतिक शहरांच्या गटात सामील झाली आणि त्या गटाच्या व डब्ल्यूआरआय इंडिया या संशोधन संस्थेच्या तांत्रिक मदतीने हा आराखडा तयार झाला. २०१९ हे आधारवर्ष धरून शहराचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके काढले आहे. त्यातला ७२ टक्के वाटा ऊर्जेचा, म्हणजे मुख्यतः इमारतींमध्ये जळणाऱ्या विजेचा, २० टक्के वाहतुकीचा आणि उरलेला ८ टक्के कचऱ्याचा आहे. २०३० पर्यंत ३० टक्के, २०४० पर्यंत ४४ टक्के घट आणि २०५० मध्ये निव्वळ शून्य, म्हणजे जेवढे उत्सर्जन तेवढेच शोषण, असे टप्पे ठरवले आहेत. देशाचे उद्दिष्ट २०७० चे असताना शहराने वीस वर्षे अलीकडची तारीख घेतली आहे, हे धाडसच म्हणायचे. पण ज्या विजेवर या हिशेबाचे सर्वाधिक ओझे आहे, ती कोळशातून यावी की सूर्यातून, हे ठरवण्याचे अधिकार बहुतांशी पालिकेकडे नाहीत. आराखडा वाचताना हे सतत आठवत राहते.

जिथे सूत्रे पालिकेच्याच हातात आहेत, तिथे मात्र हा दस्तऐवज खरोखर वाचनीय होतो. पाणी तुंबणाऱ्या ठिकाणांपासून २५० मीटरच्या आत शहराची ३५ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या राहते, हे त्यातले वाक्य मी दोनदा वाचले. पत्र्याच्या छपरांच्या वस्त्या शेजारच्या झाडीच्या भागापेक्षा अधिक तापतात, हेही नकाशांवर दाखवले आहे. दादरहून माटुंग्याच्या सावलीतून धारावीकडे दुपारी चालत गेलेल्या माणसाला त्यासाठी नकाशा लागत नाही. पण पालिकेने ते कागदावर मान्य केल्यामुळे उद्या कोणी थंड छपरांसाठी निधी मागितला, तर त्याला बोट ठेवायला एक पान मिळाले आहे.

दादर-परळमधल्या हिंदमाताचे उदाहरण पाहावे. हा भाग बशीसारखा खोलगट आहे. जोरदार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की समुद्राकडे जाणारे पाणी अडते आणि कापडबाजाराच्या रस्त्यावर साचते. तिथल्या एका दुकानात मी जूनमध्ये परकराचे कापड घ्यायला गेलो होतो, तेव्हा सगळ्यात खालचा खण रिकामा होता आणि ठाण कंबरेच्या वरच्या फळ्यांवर चढवलेले होते. दुकानदाराला विचारले तर तो नुसता हसला. परळ आणि दादरच्या मैदानांखाली पालिकेने मोठ्या टाक्या बांधल्या आहेत. साचलेले पाणी पंपाने त्यांत घ्यायचे आणि ओहोटी लागली की सोडायचे, अशी ही सोय आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तसा पाऊस कोणतीही टाकी पेलणार नाही. पण दरवर्षीच्या तुंबण्यावर हा उपाय मला आराखड्यातल्या कित्येक मोठ्या शब्दांपेक्षा जास्त पटतो.

उणीव आहे ती जबाबदारीच्या बाजूने. नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि आराखडा त्यानंतर सहा दिवसांनी आला. म्हणजे सुरुवातीच्या काळात, ज्याला वॉर्डात गाठून ‘यातले आमच्याकडे काय झाले’ असे विचारावे, असा लोकनियुक्त माणूसच नव्हता. २०२४-२५ मध्ये पालिकेने पहिला वातावरण अर्थसंकल्प अहवाल काढला आणि सुमारे १०,२२४ कोटी रुपये या कामांशी जोडले, ही चांगली सुधारणा आहे. तरीही, एरवीही झालीच असती अशी नाल्याची कामे आणि केवळ आराखड्यामुळे सुरू झालेली कामे वेगळी दाखवल्याशिवाय त्या आकड्याचे वजन वाचकाला कळणे अवघड आहे.

झाडांच्या आणि हवेच्या प्रकरणांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. उद्दिष्टे योग्य आहेत, भाषा मात्र परिपत्रकाची आहे.

सभेत मी हे सारे दहा मिनिटांत सांगितले. खजिनदार काकांनी चष्मा वर केला आणि विचारले, “हे सगळे ठीक, पण लिफ्टचे आणि पंपाचे बिल किती कमी होईल?” त्याचे उत्तर मला आराखड्यात सापडले नव्हते, ते शेवटी गच्चीचे क्षेत्रफळ आणि आमची बारा महिन्यांची बिले घेऊन सौर पॅनेलवाल्याकडूनच काढून घ्यावे लागले. पुढच्या आवृत्तीत शंभर बिऱ्हाडांच्या एका सोसायटीचा असा नमुना हिशेब दोन पानांत दिला, तर माझ्यासारखे चिटणीस ती पाने झेरॉक्स करून सूचनाफलकावर लावतील. तोवर पाच पैकी साडेतीन.