तीन गतींचा गरम पाण्याचा पंप: दुरुस्तीनंतरचे आठ महिने

"वायंडिंग जळलंय, नवीन घ्या." वायंडिंग म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी. मेकॅनिकने हे सांगितलं तेव्हा पंपाचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. नुसता आवाज ऐकूनच निकाल दिला. मीही जवळजवळ मान्य केलं होतं, पण एक गोष्ट खटकत होती. नॉब तिसऱ्या, म्हणजे सर्वांत जास्त गतीवर ठेवला की पंप कुरकुरत का होईना सुरू व्हायचा. पहिल्यावर मात्र नुसता घूं घूं. वायंडिंग जळलं असतं, तर ते एवढं समजून-उमजून वागलं नसतं.

आमच्याकडे हा पंप टाकीतलं गरम पाणी लांबच्या न्हाणीघरापर्यंत फिरवून परत टाकीत आणतो, म्हणजे नळ उघडल्यावर बादलीभर थंड पाणी वाया जात नाही. रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, पाण्यातच बुडालेला असतो. मधल्या पातळ स्टीलच्या नळकांड्यामुळे वायंडिंग कोरडं राहतं आणि बेअरिंगला वंगण म्हणून तेच पाणी लागतं. त्यामुळे असा पंप एकदाही कोरडा चालवू नये.

मेन स्विच बंद केला, टेस्टरने खात्री केली, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले. मधला मोठा स्क्रू काढून शाफ्टच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून फिरवला, तर सुरुवातीला क्षारामुळे अडकला, मग मोकळा झाला. म्हणजे जाम हे एक कारण. दुसरं कारण कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरू होताना जोर देणारा भाग. त्यावर २.५ मायक्रोफॅरड छापलेलं, मीटरवर आलं १.१. असा अर्धामुर्धा कपॅसिटर सुरुवातीचा जोर देऊ शकत नाही, आणि कमी गतीवर मोटरचा जोर मुळातच कमी, म्हणून पहिल्या गतीवरच आधी रडगाणं सुरू झालं. मोजण्याआधी कपॅसिटर रेझिस्टरने डिस्चार्ज केला. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढण्याची हौस मला नाही.

खरा गुन्हेगार गती बदलणारा स्विच निघाला. एक पितळी पट्टी काळी पडून वितळली होती. टर्मिनल बॉक्स (तारा जोडायची पेटी) मोटरच्या खाली आला होता आणि वरच्या जोडाचं पाणी थेंबथेंब त्यात उतरत होतं. बसवणाऱ्याने चार बोल्ट सोडून मोटरचं डोकं पाव फेरा फिरवलं असतं, तर हे टळलं असतं. शाफ्ट आडवा आणि बॉक्स बाजूला किंवा वर, इतकंच पाहायचं असतं. शाफ्ट उभा ठेवला तर वरच्या बेअरिंगपाशी हवा साचते.

आता वायरिंग. या मोटरमध्ये मुख्य वायंडिंगला तीन ठिकाणी टॅप, म्हणजे बाहेर आणलेल्या तारा, काढलेले असतात. जास्त वेढे म्हणजे चुंबकीय जोर कमी, घसर (रोटरचं चुंबकीय क्षेत्राच्या मागे पडणं) जास्त, गती कमी. मीटरवर सर्वांत जास्त ओहम पहिल्या गतीच्या तारेवर दिसले, सर्वांत कमी तिसऱ्यावर, आणि तिन्ही अखंड. मग ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, वायंडिंग आणि बॉडीमधलं इन्सुलेशन तपासलं, काटा अगदी वर गेला, म्हणजे इन्सुलेशन ठीक. इथेच ठरलं की पंप वाचवायचा. मेगरचा काटा खाली राहिला असता किंवा शाफ्ट आडवा हलताना जाणवला असता, तर मीसुद्धा नवीनच आणला असता.

तसा स्विच मिळाला नाही, म्हणून मी तो काढूनच टाकला आणि फेज थेट एकाच टॅपला दिला. हे करणाऱ्यांना एक विनंती: उरलेल्या दोन तारा एकत्र पिळू नका. दोन टॅप जोडले गेले की मधले वेढे शॉर्ट होतात आणि मोटर काही वेळात खरोखरच जळते. प्रत्येक तारेला वेगळी टोपी आणि वेगळं हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) हवं. या मोकळ्या तारा 'मेलेल्या' नसतात. मोटर ऑटोट्रान्सफॉर्मरसारखी (एकाच गुंडाळीतून व्होल्टेज बदलणाऱ्या ट्रान्सफॉर्मरसारखी) वागते, त्यामुळे जास्त गतीच्या टॅपला फेज दिल्यास कमी गतीच्या मोकळ्या टोकावर लाइनपेक्षाही जास्त व्होल्टेज येऊ शकतं. पाइप तापत असल्यामुळे शेवटचा हातभर तुकडा सिलिकॉन इन्सुलेशनच्या वायरचा घेतला. अर्थिंग नवीन थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) लावून घट्ट केलं. कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि ४५० व्होल्टचा घातला.

पहिला महिना दुसऱ्या गतीवर चालवला. पाणी लगेच यायचं, पण रात्री भिंतीतून सूं ऐकू यायचं. मग तारा बदलून पहिली गती दिली. गरम पाणी यायला तीन-चार सेकंद जास्त लागतात, आवाज शून्य. इतकी वर्षं तिसरी गती कशासाठी पोसली, कोण जाणे. परतीच्या पाइपवर थर्मोस्टॅट बांधलाय: ५० अंशांखाली गेलं की चालू, ५५ ला बंद. टाकी ६० वर असते. यापेक्षा थंड ठेवून वीज वाचवायचा मोह झाला होता, पण कोमट पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढतात, म्हणून सोडून दिला.

चौथ्या महिन्यात पुन्हा घूं. पोटात गोळा आला. निघालं इतकंच की टाकी धुतल्यावर हवा अडकली होती. मधला स्क्रू सैल करून हवा काढली, प्रश्न मिटला. मग महिनाभर बाहेरगावी होतो, परतल्यावर रोटर किंचित चिकटलेला. आता घरी कुणी नसलं तरी टायमर रोज दोन मिनिटं पंप फिरवतो.

सहाव्या महिन्यातली तक्रार मात्र पंपाची नव्हती. पंप बंद असताना शॉवर मध्येच कोमट व्हायचा. परतीच्या लाइनमधला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) कचऱ्याने अर्धा उघडा राहिला होता, आणि टाकीच्या तळाचं थंड पाणी उलट्या वाटेने शॉवरमध्ये येत होतं. व्हॉल्व्ह साफ केला, तरी महिन्यातून एखादा दिवस अजूनही तसं होतं. पुढच्या वेळी टाकी रिकामी करेन तेव्हा तो बदलायचाय. रबरी चकत्या आणूनही ठेवल्यात.